चर्चच्या पाळकांची बदली, नवे अजून नाहीत: मधल्या काळात मंडळीने काय सांभाळायचं? (सातारा-सांगली)

कृष्णाकाठ
सलाम मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची आमची चर्चची मंडळी, साधारण ९६ घरं. पाळकसाहेब मे अखेरीस जाणार हे नक्की. त्यांच्या जागी कोण, हे ठरलेलं नाही, कारण ज्यांच्याकडून नेमणूक होते त्या बिशपांचीच जागा रिकामी आहे. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत दोन तट. एक म्हणतो, सह्या गोळा करून आपल्या पसंतीचे पाळक मागू. दुसरा म्हणतो, काही करू नका, प्रभू पाहील. लोकांची वर्गणी आत्ताच आखडली आहे.
विचारायचं एवढंच: या तीन-चार महिन्यांत नेमकं काय करायचं, कुठल्या क्रमाने, आणि सहसा कुठे बिघडतं?

जुने_सेक्रेटरी
पहिलं काम चार्ज, म्हणजे पाळकांच्या ताब्यातलं सगळं यादीने मोजून घेणं. निरोपसमारंभाच्या आधी, नंतर नाही. एकदा हार घातले आणि टेम्पोत सामान चढलं की मग कोणी कोणाला रजिस्टर कुठे आहे विचारत नाही, आणि विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

निदान १५ दिवस आधी पाळक, सेक्रेटरी आणि खजिनदार यांनी एकत्र बसावं. पाळकांचं एक कपाट, ऑफिसचं एक आणि वेस्ट्रीतलं (उपासनेची तयारी करायच्या खोलीतलं) एक अशी तिन्ही उघडायची. यादी अशी:

बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा स्वतः कबूल करण्याचा विधी), विवाह आणि दफन ही चार रजिस्टरं. प्रत्येकात शेवटची नोंद कितव्या क्रमांकाची आणि कुठल्या तारखेची, हे चार्ज यादीत लिहायचं. शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून दोघांच्या सह्या. जन्मतारखेच्या, शाळाप्रवेशाच्या, पासपोर्टच्या कामासाठी मागच्या तारखेची नोंद 'घुसवून' द्या म्हणणारे लोक नेमके या मधल्या काळात येतात. रेघ असली की तो विषयच संपतो.

सभासद यादी. प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) पात्र सभासद वेगळे आणि मतदानाला पात्र वेगळे असतील तर दोन्ही. ही यादी पाळक असतानाच कमिटीत वाचून मंजूर करून घ्या. पुढे निवडणूक लागली तर पहिलं भांडण याच यादीवर होतं.

ठराव वही, पान क्रमांक घातलेली. कोरी पानं सोडलेली असतील तर ती रद्द करा.

पासबुकं, चेकबुकं (पहिला न वापरलेला चेक क्रमांक लिहून), ठेवींच्या पावत्या मुदतीच्या तारखेसह, मागच्या किमान तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, पॅन, ट्रस्टच्या नोंदणीचा दाखला, परिशिष्ट १ चा उतारा (धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद), चर्च-बंगला-कबरस्तान यांची मिळकत पत्रिका किंवा सातबारा.

प्रभुभोजनाची चांदीची भांडी, स्पीकर, मिक्सर, माइक, कीबोर्ड, इन्व्हर्टर. किल्ल्या मोजून. बंगल्याच्या महावितरणच्या मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग. हे क्षुल्लक वाटतं, पण नवे पाळक आल्यावर पहिल्याच महिन्यात थकलेल्या बिलावरून कटुता येते.

यादीच्या तीन प्रती, तिन्हीवर सगळ्यांच्या सह्या. एक जाणाऱ्यांना, एक फाइलला, एक डायोसिस (बिशपांच्या हाताखालचा विभाग) ऑफिसला.

हिशेबनीस_सातारा
सेक्रेटरीकाकांनी पासबुक म्हटलं, पण खरी अडचण सहीची असते. खात्यावर पाळक आणि खजिनदार अशा दोन सह्या असतील आणि पाळक गेले, तर खातं असूनही पैसे निघत नाहीत. जूनचा पगार अडकतो तो चर्चच्या शिपायाचा, ज्याचा या राजकारणाशी काही संबंध नाही.

म्हणून पाळक हजर असतानाच्या शेवटच्या बैठकीत ठराव घ्या: अमुक तारखेपासून सही करणारे कोण, कुठलेही दोन की ठरावीक दोन, जुनी सही कधी रद्द. ठरावाची खरी नक्कल, नव्यांचं केवायसी आणि बँकेचा फॉर्म एकदम द्या. बँक हमखास एक त्रुटी काढते (ठरावात खातं क्रमांक नाही, नाव आधारप्रमाणे नाही), त्यामुळे १० ते १५ दिवस धरून चाला. खातं चालवायला डायोसिसची संमती लागत असेल तर ते पत्र आधी मागवा.

रविवारची दानार्पण थैली: उपासना संपल्यावर तिथेच टेबलावर, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायची. नोटा-नाणी यांचा तपशील छापील चिठ्ठीवर, दोघांच्या सह्या, आकडा त्याच दिवशी वहीत, रक्कम सोमवारी बँकेत. त्यातून परस्पर खर्च करायचा नाही, अगदी चहाचाही नाही. चहाला वेगळी किरकोळ रोकड ठेवा.

निरोपाच्या भेटीची वर्गणी चर्चच्या वर्गणीत मिसळू नका. वेगळं पावती पुस्तक, वेगळी बेरीज, आणि आकडा फलकावर.

वर्गणी आखडण्याबद्दल: लोक पैसे थांबवतात ते बहुतेक वेळा रागाने नव्हे, तर 'आता विचारायचं कोणाला' म्हणून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका पानाचा जमाखर्च दारावर लावा. सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक, बस. पहिला महिना कोणी वाचत नाही. दुसऱ्या महिन्यात दोघेतिघे चुका काढतात. तिथून वर्गणी परत येऊ लागते.

विश्वासू_मिरज
सगळं वाचलं. वाईट वाटलं. पाळक म्हणजे तहसीलदार आहेत का चार्ज घ्यायला? इतके कागद, रेघा, सह्या. कलीसियेचा (मंडळीचा) मस्तक ख्रिस्त आहे, त्याच्यावर भरवसा ठेवून गुडघे टेकले असते तर हा धागाच लागला नसता.

हिशेबनीस_सातारा
दादा, यरुशलेमेतल्या गरिबांची वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, आणि कारणही सांगितलं: एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी आमच्यावर बोट ठेवू नये. २ करिंथ, ८ वा अध्याय. पौलाचा विश्वास कमी होता असं तुम्हीही म्हणणार नाही.

माहुलीची_मावशी
विश्वासूदादांचं दुखणं खरं आहे, फक्त औषध चुकीच्या जागी लावताहेत. मधल्या काळात मंडळीचं काय होतं हे पवित्र शास्त्रात फार स्पष्ट आहे. निर्गम ३२ काढा. मोशे मेला नव्हता, पळाला नव्हता, त्याला फक्त उशीर झाला होता. डोंगरावर ४० दिवस. तेवढ्यात लोकांनी अहरोनाला गाठलं, कानांतली सोन्याची कुंडलं उतरवली आणि वासरू ओतलं. (पावती पुस्तक नव्हतं तेव्हाही.) धीर सुटतो तो असा: देव नाकारून नाही, तर 'आत्ताच्या आत्ता आम्हाला कोणीतरी पुढे चालणारा दे' म्हणून.

उलट गणना २७ पाहा. आपल्यामागे मंडळी मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी होऊ नये म्हणून मोशे स्वतः देवाकडे माणूस मागतो, आणि यहोशवाला याजकासमोर, सगळ्या मंडळीसमोर उभं करून हात ठेवतो. आडून नाही, उघड. आणि अनुवाद ३४ मध्ये मोशेसाठी शोक ३० दिवस, मग शोकाचे दिवस संपले असं लिहिलंय. जाणाऱ्यांसाठी रडायला जागा द्या, पण तिला शेवटची तारीख असू द्या.

आता कामाचं. प्रार्थना करा म्हणून सोडून दिलं की पहिल्या दोन आठवड्यांत गर्दी होते आणि मग चार म्हाताऱ्या बायका उरतात. म्हणून वेळापत्रक हवं. १३ रविवारांचं, म्हणजे एका तिमाहीचं, एकदम करा. प्रत्येक रविवारी चालक कोण, वाचक कोण, संदेश कोणाचा, गीतं कोण निवडणार, असे चार रकाने. एका माणसाला महिन्यात एकदाच व्यासपीठ. तरुण संघाला किमान तीन रविवार वाचन आणि मध्यस्थीची प्रार्थना, 'तरुण रविवार' म्हणून एकदाच ओवाळून सोडायचं नाही.

संदेशासाठी प्रत्येकाला आवडीचा विषय देऊ नका. तसं केलं की तिसऱ्या रविवारी कोणीतरी मोशेविरुद्ध बंड करणारे दाथान-अबीराम काढतो आणि सगळं गाव समजतं बोट कोणाकडे आहे. एक पुस्तक घ्या आणि ओळीने जा. फिलिप्पैकरांस पत्र चारच अध्यायांचं आहे, १३ रविवारांत आरामात वाटून होतं, आणि ते पौलाने तुरुंगातून, स्वतः जवळ नसताना मंडळीला लिहिलेलं आहे. २० मिनिटांची मर्यादा, घड्याळ समोर.

प्रभुभोजनाला मात्र दीक्षित पाळकच हवेत. शेजारच्या पास्टोरेटच्या पाळकांकडून तीन महिन्यांच्या तारखा आत्ताच लेखी घ्या. पहिल्या रविवारी त्यांची स्वतःची मंडळी असते, त्यामुळे तुम्हाला दुसरा किंवा चौथा रविवार घ्यावा लागेल, किंवा दुपारची वेळ. प्रवासखर्च ठरवून पाकिटात द्या, 'किती देऊ' असं विचारून त्यांना अवघडवू नका.

आजारी, अंथरुणाला खिळलेल्यांची वेगळी यादी करा. पाळक नसले की सगळ्यांत आधी विसरली जातात ती ही माणसं, कारण ती तक्रार करायला चर्चमध्ये येत नाहीत. महिला मंडळाने गल्लीवार दोघीदोघी वाटून घ्याव्यात, आठवड्याला एक भेट.

मयतीसाठी दोन माणसं नेमून ठेवा, दफनविधीचं पुस्तक त्यांच्याच घरी. रात्री ११ वाजता कोणाला फोन करायचा याचं उत्तर फलकावर असलं पाहिजे.

विश्वासू_मिरज
दाथान-अबीरामचं खरं आहे 🙂 वेळापत्रकाला हरकत नाही. पण बुधवारची घरोघर प्रार्थना तरी अजेंड्याशिवाय राहू द्या.

माहुलीची_मावशी
राहू द्या की. एकच नियम: प्रार्थनेत कोणाचं नाव घेऊन 'प्रभू, त्याचं मन बदल' चालणार नाही. ती प्रार्थना नसते, निरोप असतो.

वाईकर
सह्यांच्या मोहिमेमागचं मूळ कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. साताऱ्या-वाईकडच्या जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे काँग्रिगेशनल वळणाच्या. तिथे पाळकाला मंडळी बोलावते. कोल्हापूर-सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशन, वान्लेस साहेबांचं मिरजेचं हॉस्पिटल त्यांचंच. तिथे वडीलमंडळाचा शब्द मोठा. १९२४ मध्ये दोन्ही प्रवाह युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आले, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकनही असल्याने बिशप आले, आणि पाळकाची नेमणूक डायोसिसकडे गेली.

घटना १९७० ची, सवयी मात्र त्याआधीच्या. आजोबांनी पाळक 'बोलावलेले' असतात, नातवाला ते 'पाठवलेले' मिळतात. म्हणून सह्या गोळा करणारे सगळे बंडखोर नसतात, आणि विरोध करणारे सगळे बिशपांचे माणूस नसतात. दोघांच्या डोक्यात दोन वेगळी चर्च आहेत, इतकंच.

नावासाठी सह्या करू नका, गरजेसाठी पत्र द्या. एक पान: घरं किती, उपकेंद्रं किती आणि किती किलोमीटरवर, तरुण किती, बंगल्याची अवस्था, पगाराचा वाटा किती देऊ शकतो, कुठल्या कामाची निकड. कमिटीच्या ठरावासह. नाव घातलं की ते पत्र बाकीच्या सगळ्या उमेदवारांविरुद्धचं पत्र होतं, आणि त्यांपैकीच कोणी तुमच्याकडे आले तर पहिल्या दिवसापासून ९६ घरांतली ४० त्यांच्या विरोधात सही केलेली.

आणखी एक, साताऱ्याचा आहे म्हणून. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. ९ मे १९१९ ला ते गेले. दोन वर्षं. दरबार त्यांच्याभोवती होता. पण त्यांची भजनं आजही दर रविवारी दोन्ही जिल्ह्यांत म्हटली जातात, आणि ख्रिस्तावरचं अर्धवट राहिलेलं महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. माणसाभोवती उभं केलेलं काय टिकतं आणि लोकांच्या तोंडी दिलेलं काय टिकतं, याचा विचार निरोपाच्या भाषणांआधी करावा.

धर्मादाय_फाइल
कायद्याच्या तीन गोष्टी, कारण मधल्या काळातच त्या बिघडतात.

एक. चर्चचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल आणि पाळक पदसिद्ध विश्वस्त असतील, तर ते बदलल्यावर कलम २२ खाली बदल अहवाल ९० दिवसांत द्यावा लागतो. सोबत ठरावाची नक्कल, सभेची नोटीस, जाणाऱ्याचं आणि येणाऱ्याचं संमतीपत्र. आधी परिशिष्ट १ चा ताजा उतारा काढा. बऱ्याच ठिकाणी त्यात दोन-तीन पाळकांआधीचीच नावं असतात. मग नुसता नवा अहवाल चालत नाही, मधले सगळे बदल क्रमाने, उशीर माफीच्या अर्जासह द्यावे लागतात. मालमत्ता ट्रस्टच्या नावावर आहे की मिशनच्या जुन्या संस्थेच्या, हे त्याच वेळी मिळकत पत्रिकेवर पाहून घ्या.

दोन. जमीन. पाळक नाहीत, बिशप नाहीत, अशा वेळी 'कंपाउंडची पुढची पट्टी भाड्याने देऊ, चर्चला उत्पन्न' म्हणणारा माणूस येतोच. कलम ३६ नुसार विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्टा शेतजमिनीचा १० वर्षांपेक्षा जास्त, किंवा बिगरशेती जमीन वा इमारतीचा ३ वर्षांपेक्षा जास्त असेल तरीही लागते. मग लोक युक्ती करतात: ३ वर्षांचाच करार, आणि 'पुन्हा वाढवण्याचा हक्क' आत घालून. त्यावर सही करू नका. ठरावच घेऊन ठेवा की कायम पाळक येईपर्यंत कुठलाही नवा भाडेकरार नाही.

तीन. लग्नं. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२. बिशपच्या हातून दीक्षा झालेले पाळक आपल्या चर्चच्या विधीनुसार लग्न लावू शकतात. स्वतंत्र फेलोशिपच्या (अशा चर्चला न जोडलेल्या गटांच्या) पास्टरना कलम ६ खाली राज्य सरकारचा परवाना लागतो. अधिकार नसताना लग्न लावणं शिक्षापात्र आहे, आणि त्रास मुलामुलीला होतो, पासपोर्ट नि व्हिसाच्या वेळी. म्हणून 'आमचे ओळखीचे पास्टर येऊन लावतील' म्हटलं की परवान्याची प्रत मागा. मे-जूनमधली ठरलेली लग्नं आत्ताच मोजा, आणि प्रत्येकाला पाळक कोण ते आत्ताच लिहून घ्या.

कृष्णाकाठ
लग्नं तीन आहेत. एक सांजवेळेचं ठरलंय, साडेसात.

धर्मादाय_फाइल
कलम १० प्रमाणे वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७. बिशपांकडून विशेष परवानगी मिळू शकते, पण तुमच्याकडे जागा रिकामी आहे. साडेपाचला लावा, जेवण साडेसातला ठेवा. घरच्यांना आत्ता सांगितलं तर पत्रिका बदलता येईल.

अजिंक्यतारा
कॅथलिक बाजूने थोडं. सातारा, सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे धर्मप्रांतात येतात. आमच्यात बिशप वयाच्या ७५ व्या वर्षी राजीनामा देतात. जागा रिकामी झाली आणि रोमने प्रशासक नेमला नसेल, तर सल्लागार मंडळाने ८ दिवसांत प्रशासक निवडायचा असतो. त्याला नियमच असा की रिकाम्या काळात नवं काही करायचं नाही. मिस्साच्या (आमच्या उपासनेच्या) मुख्य प्रार्थनेत बिशपांचं नाव घेतात, ते नसतील तर ते शब्द गाळून प्रार्थना पुढे जाते. २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला गेले, लिओ चौदावे ८ मे रोजी निवडले गेले. मधले दिवस गावोगावच्या मिस्सा त्याच वेळी झाल्या.

ते 'नवं काही करायचं नाही' तुम्हीही उचलण्यासारखं. उपासनेची वेळ, बाकांची मांडणी, गायनाचा गट, कशालाच हात लावू नका.

जुने_सेक्रेटरी
अगदी. तुमच्याकडे बिशप नसताना मॉडरेटरनी (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या प्रमुखांनी) नेमलेले कमिसरी, म्हणजे बिशपांच्या जागी काम पाहणारे, असतील. सगळा पत्रव्यवहार त्यांच्याच नावे, पोच घेऊन. दोन गटांनी दोन ठिकाणी पत्रं पाठवली की वरच्यांना दोन्ही बाजूला ठेवायला निमित्त मिळतं.

कृष्णाकाठ
आणि व्हॉट्सअ‍ॅप? मंडळीच्या ग्रुपवर रोज एक 'खात्रीलायक' नाव येतं.

हिशेबनीस_सातारा
ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' यावर ठेवा आणि अ‍ॅडमिन दोन, दोन्ही गटांतून एकेक. दर रविवारी उपासनेत लेखी घोषणा वाचायची, तीच संध्याकाळी ग्रुपवर. काही नवं नसेल तर 'या आठवड्यात डायोसिसकडून पत्र आलेलं नाही' एवढंही लिहा. गप्प बसलात की ती जागा दुसरा कोणीतरी भरतो.

माहुलीची_मावशी
नवे पाळक आल्यावरचंही आत्ताच ठरवा. बंगल्याची गळती पावसाआधी बघा, रंग नंतर. पहिल्या दोन आठवड्यांत कोणीही त्यांना एकट्याने जेवायला नेऊ नये, विशेषतः तट असलेल्यांनी. मंडळीचं एकत्र जेवण ठेवा. ९६ घरं आहेत, आठवड्याला चार भेटी धरल्या तरी २४ आठवडे लागतात. तो क्रम कमिटीने गल्लीवार लावून द्यावा, म्हणजे 'आमच्याकडे अजून आले नाहीत' याला उत्तर असतं. ज्यांच्याकडे आजारी आहेत ती घरं मात्र पहिल्याच आठवड्यात.

जुन्या पाळकांना लग्न-मयतीला बोलवायचं झालं तर नव्यांमार्फतच. ते स्वतः नको म्हणतील तर उत्तम, पण त्यांना नको म्हणायला लावायची वेळ येऊ देऊ नका.

विश्वासू_मिरज
एक राहिलं. जून-जुलै म्हणजे पाऊस. सांगलीत २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना सांगायला नको. रजिस्टरं तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात असतील तर पाळक नसताना ती वर कोण उचलणार?

जुने_सेक्रेटरी
विश्वासूदादा, हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यांत महत्त्वाचा असू शकेल. मूळ रजिस्टरं उंचावरच्या घरात दोन कुलपांच्या पेटीत, एक किल्ली सेक्रेटरीकडे, एक खजिनदाराकडे. त्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो, दिवसाच्या उजेडात, वही पूर्ण उघडून, पान क्रमांक दिसेल असा. एक प्रत पेनड्राइव्हवर डायोसिस ऑफिसला, एक चर्चच्या ईमेलवर. पान भिजलंच तर उन्हात टाकू नका, शाई पसरते. पानांमध्ये कोरा टिपकागद घालून पंख्याखाली.

कृष्णाकाठ
ईमेल पाळकसाहेबांच्या स्वतःच्या नंबरवर काढलेला आहे, ओटीपी त्यांनाच जातो.

हिशेबनीस_सातारा
मग उद्याच बदला, ते इथे असेपर्यंत. रिकव्हरी नंबर आणि पर्यायी ईमेल दोन्ही. यूट्यूब चॅनेल आणि क्यूआर कोडही त्याच नंबरवर आहे का ते बघा. क्यूआर चर्चच्या खात्याचाच आहे ना, १ रुपया पाठवून पासबुकात आला का ते तपासा.